पीचचा एक घास आणि आठ महिने : यूलिसिस ग्रँट यांच्या घशाच्या दुखण्याचे प्रकरण

१८८४ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील लाँग ब्रँच या समुद्रकाठच्या गावी, आपल्या उन्हाळी घरात, जनरल यूलिसिस ग्रँट जेवायला बसले होते. टेबलावर पिकलेल्या पीचची ताटली होती. त्यांनी एक फळ उचलले, घास घेतला आणि गिळता गिळताच ते कळवळून उठले. फळातून एखादी गांधीलमाशी घशात गेली आणि डसली, असे त्यांना वाटले. ते ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले आणि त्यांनी पुन्हा पुन्हा पाण्याने चुळा भरल्या. पण पाणीही निखाऱ्यासारखे लागत होते. पत्नी ज्यूलिया यांनी डॉक्टरांना बोलावू असे म्हटले, तेव्हा त्यांनी ते नाकारले आणि थोड्या वेळात बरे वाटेल असे सांगितले.

अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला विजय मिळवून देणारा सेनापती, १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष, आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ जगभर फिरलेला प्रवासी असा हा रुग्ण होता. या प्रवासात फेब्रुवारी १८७९ मध्ये ते मुंबईलाही आले होते आणि मलबार पॉइंटच्या सरकारी निवासस्थानी उतरले होते. जूनच्या त्या दिवशी त्यांचे वय ६२ वर्षांचे होते. या माणसाच्या शब्दाखातर न्यूयॉर्कमधला कोणताही डॉक्टर त्याच संध्याकाळी गाडी जोडून आला असता. तरीही पहिले लक्षण आणि घशाच्या तज्ज्ञाची पहिली तपासणी यांच्यामध्ये चार महिन्यांहून अधिक काळ गेला, आणि त्या तपासणीपासून सूक्ष्मदर्शकाखाली घशाच्या कर्करोगाची खात्री होईपर्यंत पुन्हा जवळपास तितकाच काळ गेला. पहिल्या चार महिन्यांची जबाबदारी मुख्यतः रुग्णाकडे जाते, तर दुसऱ्या चार महिन्यांची डॉक्टरांकडे. हे प्रकरण वाचताना सगळे लक्ष पहिल्या विलंबाकडे जाते. माझ्या मते दुसराही तितकाच तपासून पाहण्यासारखा आहे.

लक्षण आणि त्याचे कारण

घशाच्या आजाराच्या रुग्णाला दुखणे कधी सुरू झाले असे विचारले की तो बहुधा तारीख सांगत नाही, तर खाल्लेला पदार्थ सांगतो. कोकणातला माणूस माशाच्या काट्याचे नाव घेतो, देशावरचा भाकरीच्या कडक पापुद्र्याचे किंवा तिखट ठेच्याचे, आणि कोणी लग्नाच्या पंगतीतील थंड पाण्याचे. त्या घासाने काहीतरी टोचले, ओरखडा उठला आणि तेव्हापासून दुखते आहे, अशी ती हकिगत असते. ग्रँट यांच्या बाबतीत तो पदार्थ पीच होता. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. घशात आधीच तयार झालेल्या व्रणावरून आंबट-गोड रस गेला, म्हणून आग झाली. घासाने दुखणे निर्माण केले नव्हते, लपलेले दुखणे दाखवून दिले होते. परंतु कारण हाताशी सापडले की मनाचे समाधान होते आणि शोध तिथेच थांबतो. फळ दोषी ठरले की घसा निर्दोष ठरतो.

शिवाय हे दुखणे सलग राहिले नाही. काही दिवस आग, मग उतार, मग घशाला कोरड, मग पुन्हा गिळताना कळ, असा त्याचा क्रम होता. कर्करोगाचे दुखणे सतत वाढतच जाते, अशी जी समजूत आजही सर्वत्र आढळते, ती सुरुवातीच्या काळाला लागू पडत नाही. व्रणावरची सूज किंवा वरचा जंतुसंसर्ग कमीजास्त होतो, तसे दुखणेही कमीजास्त होते. मधल्या चांगल्या दिवसांमुळे रुग्णाला आपण बरे होत आहोत असे प्रामाणिकपणे वाटते. आपल्याकडे 'दुखणे अंगावर काढणे' हा शब्दप्रयोग आहे. तो सहसा गरिबीच्या किंवा कामाच्या संदर्भात वापरला जातो. ग्रँट यांनी हे दुखणे अंगावर काढले ते बऱ्याच अंशी या चांगल्या दिवसांच्या भरवशावर.

धोक्याचे कारण मात्र त्यांच्या खिशातच होते. फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सनचा किल्ला घेतल्यानंतर वर्तमानपत्रांनी त्यांचे वर्णन हातात सिगार धरलेला सेनापती असे केले. तो सिगार त्यांना एका नौदल अधिकाऱ्याने दिलेला होता. बातमी वाचून देशभरातून लोकांनी सिगारच्या पेट्या पाठवायला सुरुवात केली. सुमारे १०,००० सिगार आले, असे त्यांनी स्वतः नंतर सांगितले. तोपर्यंत ते अधूनमधून पाइप ओढणारे होते. कौतुकाच्या त्या वर्षावानंतर सिगार त्यांच्या हातून सुटला नाही. म्हणजे घशातील व्रणाच्या मागे किमान २२ वर्षांची भरपूर धूम्रपानाची सवय होती. मद्यपानाबद्दल त्यांच्या चरित्रकारांत पुष्कळ वाद आहे आणि त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. तंबाखू आणि मद्य एकत्र आले की घशाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो, एवढे नमूद करणे पुरेसे आहे. आज पाश्चात्त्य देशांत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगाच्या मोठ्या हिश्श्यामागे एचपीव्ही हा विषाणू आढळतो. परंतु ग्रँट यांच्या बाबतीत तंबाखूकडे बोट दाखवणे वैद्यकीयदृष्ट्या पूर्णपणे रास्त आहे.

लाँग ब्रँचमधला उन्हाळा

पीचच्या घटनेआधी महिनाभरही झाला नव्हता, तेव्हा, ६ मे १८८४ रोजी, 'ग्रँट अँड वॉर्ड' ही वॉल स्ट्रीटवरील पेढी बुडाली. ग्रँट यांनी आपले नाव आणि सगळी बचत तिच्यात घातली होती आणि कारभार फर्डिनांड वॉर्ड या तरुण भागीदारावर सोपवला होता. तो कारभार फसवणुकीचा निघाला. पेढी वाचवण्याच्या आशेने शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडून १,५०,००० डॉलर कर्ज घेतले होते, तेही त्याच खड्ड्यात गेले. कर्जापोटी त्यांनी आपल्या तलवारी, पदके आणि जगप्रवासात मिळालेल्या भेटवस्तू देऊन टाकल्या. त्या काळात माजी राष्ट्राध्यक्षाला निवृत्तिवेतन नव्हते, आणि राष्ट्राध्यक्ष होताना लष्करी पद सोडल्याने तेही वेतन नव्हते. आदल्या वर्षीच्या नाताळाच्या आदल्या दिवशी ते न्यूयॉर्कच्या घरासमोर बर्फावर घसरून पडले होते आणि महिनोन्‌महिने कुबडीच्या आधाराने चालत होते, ही गोष्टही विसरता येत नाही. ज्या माणसाचे एकाच वेळी पाय, पैसा आणि अब्रू असे तिन्ही दुखत आहेत, त्याच्या लेखी घशातली ठणक चौथ्या क्रमांकावर जाते. हे मी त्यांचा बचाव म्हणून लिहीत नाही. दवाखान्यात उशिरा येणाऱ्या रुग्णाला 'इतके दिवस काय करत होतात' असे विचारणाऱ्याने त्याच्या घरात त्या दिवसांत आणखी काय काय चालले होते तेही विचारावे, एवढ्यासाठी हा तपशील दिला आहे.

त्या उन्हाळ्यात एका डॉक्टरांनी त्यांचा घसा प्रत्यक्ष पाहिला होता, ही या प्रकरणातली कळीची घटना आहे. शेजारी राहणारे फिलाडेल्फियाचे वर्तमानपत्र-मालक जॉर्ज चाइल्ड्स यांच्याकडे डॉ. जेकब मेंडेस द कोस्टा पाहुणे म्हणून आले होते. यादवी युद्धातील सैनिकांच्या धडधडत्या हृदयाचा अभ्यास करून १८७१ मध्ये त्यावर महत्त्वाचा लेख प्रसिद्ध करणारे हेच ते नामवंत डॉक्टर. ग्रँट यांनी घशाच्या कोरडेपणाची आणि गिळताना होणाऱ्या त्रासाची तक्रार केल्यावर चाइल्ड्स यांनी त्यांना तपासणीची विनंती केली. द कोस्टा यांनी घसा पाहिला, काही औषध लिहून दिले आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना लवकरात लवकर भेटा असे आग्रहाने सांगितले.

त्यांना त्या वेळी किती शंका आली होती, हे ठरवता येत नाही. पण इतक्या अनुभवी माणसाने आग्रह धरला त्याअर्थी त्यांना घसा साधा वाटला नव्हता. ते पाहुणे म्हणून आलेले होते, रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांचा होता, आणि त्या काळच्या व्यावसायिक शिष्टाचारात दुसऱ्याच्या रुग्णाला भयंकर निदान सुनावणे बसत नव्हते. म्हणून शंका निरोपातून पुढे गेली, आणि निरोप सौम्य शब्दांत गेला. 'दाखवून घ्या' हे शब्द ऐकणाऱ्याच्या कानात 'सवडीने दाखवून घ्या' असे पोचतात. ज्या डॉक्टरला खरोखर काळजी वाटते त्याने कुणाकडे जायचे, केव्हा जायचे आणि का जायचे या तिन्ही गोष्टी उच्चारायला हव्यात, आणि त्यातील 'का' सर्वांत अवघड असते.

ग्रँट यांचे नेहमीचे डॉक्टर होते फोर्डाइस बार्कर. ते न्यूयॉर्कचे प्रतिष्ठित वैद्य होते, त्यांची ख्याती मुख्यतः प्रसूतिशास्त्रात होती, आणि दरवर्षीप्रमाणे ते उन्हाळ्यात युरोपला गेलेले होते. ऑक्टोबरपर्यंत ते परतणार नव्हते. ग्रँट थांबले. 'आपले डॉक्टर गावाहून आले की बघू' हे वाक्य मराठी घरांत आजही जसेच्या तसे ऐकू येते. घरच्या डॉक्टरवरचा विश्वास ही मोलाची गोष्ट आहे. पण तो विश्वास निदानाच्या आड येऊन उभा राहिला की त्याची किंमत रुग्ण मोजतो. मध्यंतरी ग्रँट यांना एक काम मिळाले होते. 'सेंच्युरी' मासिकाने युद्धाच्या लढायांवर लेख मागितले होते आणि एका लेखाचे ५०० डॉलर देऊ केले होते. घरखर्चासाठी त्यांनी ते घेतले, आणि लिहिता लिहिता त्यांना लेखनाची गोडी लागली. घसा दुखत होता, पण शायलोची लढाई कागदावर उतरत होती, आणि दिवस जात होते.

डॉ. डग्लस यांची खोली

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बार्कर परतले. त्यांनी घसा पाहताच स्वतः उपचार करण्याचा विचार बाजूला ठेवून डॉ. जॉन हँकॉक डग्लस यांच्याकडे पाठवले. डग्लस हे न्यूयॉर्कमधील घशाच्या आजारांचे तज्ज्ञ होते आणि युद्धकाळात सैनिकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या सॅनिटरी कमिशनमध्ये असल्याने ग्रँट यांच्या परिचयाचेही होते. २२ ऑक्टोबर १८८४ रोजी ग्रँट लंगडत त्यांच्या दवाखान्यात शिरले.

त्या दिवशी डग्लस यांना जे दिसले ते आजच्या भाषेत असे मांडता येईल. मऊ टाळू सुजलेला, गडद लाल, रक्ताने तुंबलेला होता. त्याच्या पृष्ठभागावर खपलीसारखा खरखरीत, संशयास्पद भाग होता आणि टाळूवर लहान उंचवटे होते. उजव्या बाजूला, टॉन्सिलच्या जवळ आणि जिभेच्या मुळाशी, आजाराचा मुख्य भाग होता. आणि मानेच्या उजव्या बाजूला एक ग्रंथी वाढून हाताला लागत होती. या शेवटच्या गोष्टीवर थांबणे आवश्यक आहे. घशाच्या तपासणीत आरसा, दिवा, दुर्बीण यांचे महत्त्व सर्वांना कळते. मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये आरशाच्या साहाय्याने स्वतःचा स्वरयंत्राचा भाग पाहिला, तेव्हापासून डॉक्टरांना आत डोकावणे शक्य झाले होते. परंतु रुग्णाच्या मागे उभे राहून, त्याची मान किंचित खाली वाकवून, जबड्याच्या कोनापासून हसळीपर्यंत चारही बोटे सावकाश फिरवणे या तपासणीला कोणतेही उपकरण लागत नाही. न दुखणारी, कठीण, एकाच बाजूची गाठ बोटाला लागली की घशातल्या लालसर डागाचा अर्थ बदलतो. ती बहुधा असे सांगते की आजार आपल्या मूळ जागी राहिलेला नाही.

पुढे ग्रँट यांना उजव्या कानातही कळा येऊ लागल्या. घशाचा वरचा भाग आणि जिभेचे मूळ यांची संवेदना वाहून नेणाऱ्या नवव्या मज्जातंतूची एक शाखा मध्यकर्णात जाते. त्यामुळे व्रण घशात असतो आणि रुग्ण कान धरून बसतो. 'गिळताना कानात कळ जाते' हे वाक्य एखाद्या तंबाखू खाणाऱ्या किंवा बिडी ओढणाऱ्या माणसाच्या तोंडून आले आणि कानाचा पडदा निरोगी दिसला, तर तपासणी कानापाशी थांबवता येत नाही. कानात थेंब घालून महिना घालवलेले कितीतरी रुग्ण आजही अशाच वाटेने उशिरा पोचतात.

तपासणी संपल्यावर ग्रँट यांनी थेट विचारले, हा कॅन्सर आहे का? डग्लस यांच्या स्वतःच्या कथनानुसार त्यांनी असे उत्तर दिले की आजार गंभीर आहे, तो वरच्या त्वचेसारख्या थरातून उद्भवलेला आहे, आणि कधी कधी तो बरा होऊ शकतो. हे उत्तर मी अनेकदा वाचले आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही आणि विचारलेल्या शब्दाचा उच्चारही नाही. डॉक्टरांना खात्री नव्हती असे म्हणावे तर त्यांच्या नोंदींतील वर्णन दुसऱ्या कशाकडे फारसे झुकत नाही. खोटे बोलले असे म्हणावे तर तसेही नाही. त्यांनी रुग्णाला अर्ध्या उजेडात उभे केले. ज्या सेनापतीने आयुष्यभर शत्रूच्या संख्येचा अचूक अंदाज मागितला, त्याला त्याच्याच घशाबद्दल आकडा मिळाला नाही. ग्रँट यांना अर्थ कळला असावा, असे मात्र त्यानंतरच्या त्यांच्या वागण्यावरून दिसते, कारण त्याच आठवड्यांत त्यांनी आठवणींचे संपूर्ण पुस्तक लिहिण्याचा निर्णय पक्का करत नेला.

दुसरे चार महिने

उपचार सुरू झाला. आयोडोफॉर्म हे जंतुनाशक घशाला लावणे, गुळण्या, आणि वेदनेसाठी कोकेनचे द्रावण. कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनने जागा बधिर करता येते हे नुकतेच, त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, जगापुढे आणले होते. म्हणजे अवघ्या काही आठवड्यांत वैद्यकशास्त्राचा तो अगदी ताजा शोध या रुग्णाच्या घशापर्यंत पोचला होता. ग्रँट दररोज डग्लस यांच्या दवाखान्यात जात, आणि सुरुवातीला घोड्यांच्या ट्रामने जात, कारण स्वतःच्या गाडीचा खर्च झेपत नव्हता. त्या वेळी मुंबईच्या रस्त्यांवरही घोड्यांच्या ट्राम दहा वर्षे धावत होत्या. न्यूयॉर्कच्या तशाच ट्राममधल्या गर्दीत माजी राष्ट्राध्यक्ष एका हातात कुबडी घेऊन बसला आहे हे चित्र डोळ्यांसमोर आणले की आजाराइतकीच त्यांची आर्थिक अवस्थाही कळते. सिगार आधी कमी केले आणि मग सोडले. डिसेंबरमध्ये दातांच्या त्रासाने भर घातली, दात काढले, आणि थोडा आराम पडला. हिवाळ्यात काही दिवस बरे वाटले, की घरच्यांना आणि वर्तमानपत्रांनाही आशा वाटे.

या काळात निदानाची खात्री करण्यासाठी ऊतीचा तुकडा घेतला गेला नाही. याचा ठपका ठेवताना त्या काळाची पद्धत लक्षात घ्यायला हवी. संशयित जागेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे तेव्हा माहीत होते, पण आजच्याप्रमाणे प्रत्येक रुग्णासाठी पहिल्याच टप्प्यावर ते केले जात नव्हते. अनुभवी डॉक्टर डोळ्यांवर आणि बोटांवर विसंबत. शिवाय तुकड्याने खात्री झाली तरी पुढे करायचे काय, हा प्रश्न होता. क्ष-किरण १८९५ मध्ये आणि रेडियम १८९८ मध्ये सापडले. किरणोपचार अजून जन्मालाच आलेले नव्हते. ज्या खात्रीच्या पलीकडे उपचार नाही, ती खात्री डॉक्टर पुढे ढकलतात. हे मानवी आहे, पण त्यात रुग्णाला त्या खात्रीचा दुसरा काही उपयोग असू शकतो, याचा विचार नसतो. ग्रँट यांना तो उपयोग होता. त्यांना पुस्तक लिहायचे होते, आणि हाताशी किती वेळ आहे हे कळणे त्यासाठी गरजेचे होते.

फेब्रुवारी १८८५ मध्ये प्रकृती ढासळली, तेव्हा बार्कर, डग्लस आणि इतर दोन नामवंत शल्यचिकित्सक यांची एकत्र सल्लामसलत झाली. डग्लस यांनी घशातील तुकडा काढला आणि तो डॉ. जॉर्ज एलियट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यानंतर तो डॉ. जॉर्ज श्रेडी यांनाही दाखवण्यात आला. श्रेडी यांच्या आठवणीनुसार तुकडा कोणाचा आहे हे त्यांना आधी सांगितलेले नव्हते. हा कर्करोगच आहे असे मत त्यांनी दिल्यानंतर रुग्णाचे नाव त्यांना कळले. नाव न सांगता तुकडा दाखवण्याची ही दक्षता मला अतिशय मोलाची वाटते. नाव माहीत असते तर आशा किंवा भीती, दोन्हींपैकी काहीतरी काचेवर उतरले असते.

मग शस्त्रक्रियेचा विचार झाला. ती करायची तर खालचा जबडा मधोमध कापून बाजूला करावा लागला असता, जिभेचा मोठा भाग, मऊ टाळूचा बराच भाग आणि मानेतील ग्रंथी काढाव्या लागल्या असत्या. खालावलेल्या प्रकृतीच्या, ६२ वर्षांच्या माणसाला तो आघात झेपणार नाही आणि झेपला तरी आजार निर्मूल होईल याची शाश्वती नाही, असा निर्णय डॉक्टरांनी घेतला. तो निर्णय योग्य होता असे मला वाटते. मग जूनमध्येच निदान झाले असते तर ते वाचले असते का, हा प्रश्न कोणीही विचारेल. जून १८८४ मध्ये मानेतील ग्रंथी वाढलेली होती की नाही हे आता कळणे शक्य नाही. त्या काळच्या साधनांनी जिभेच्या मुळाशी असलेला आजार जूनमध्येही बरा करणे फार अवघड होते. म्हणून 'वेळेवर दाखवले असते तर' हे वाक्य त्यांच्या बाबतीत मी जोराने म्हणू शकत नाही. आजच्या रुग्णाबाबत मात्र ते पूर्ण जोराने म्हणता येते, कारण आज प्रारंभीच्या टप्प्यातील घशाचे अनेक कर्करोग शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बरे होतात आणि पुष्कळदा आवाज आणि गिळणेही टिकवता येते.

महाराष्ट्रात या विषयाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली, तरी तंबाखू, मशेरी, बिडी आणि सुपारी घराघरांत आहेत, आणि मुंबईच्या परळमध्ये १९४१ पासून उभ्या असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तोंडाच्या आणि घशाच्या आजाराचे रुग्ण राज्याच्या कानाकोपऱ्यांतून येतात. अशा माणसाचा आवाज बसला, गिळताना एकाच बाजूला टोचू लागले, तोंडातला व्रण भरेना, थुंकीत रक्त दिसले किंवा मानेत गाठ लागली, आणि दोन-तीन आठवड्यांत ते गेले नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाणे हेच बरोबर आहे. तिथे घाबरवणारे फार काही घडत नाही. नाकातून किंवा तोंडातून पातळ दुर्बीण घालून घसा पाहिला जातो, मान चाचपली जाते, संशय असेल तर बधिर करून किंवा भूल देऊन तुकडा घेतला जातो, गाठीत बारीक सुई घालून पेशी काढल्या जातात आणि गरजेप्रमाणे स्कॅन केला जातो. बहुसंख्य लोकांच्या घशात आम्लपित्ताची जळजळ, टॉन्सिलची सूज किंवा आवाजाचा ताण असे साधेच काही निघते, आणि ते कळणे हेही निदानच असते. ज्या रुग्णाला ग्रँट यांच्याप्रमाणे गंभीर उत्तर मिळते, त्यालाही चार महिने अर्ध्या उजेडात राहावे लागत नाही.

१ मार्च १८८५ च्या सुमारास बातमी वर्तमानपत्रांत आली आणि न्यूयॉर्कच्या ६६ व्या रस्त्यावरील घरासमोर बातमीदारांनी ठाण मांडले. त्याआधी काही दिवस ग्रँट यांनी आपल्या पुस्तकाचा करार मार्क ट्वेन यांच्या प्रकाशन संस्थेशी केला होता. एप्रिलमध्ये एकदा ते मृत्यूच्या दारातून परत आले. १६ जूनला त्यांना उकाड्यापासून दूर, माउंट मॅकग्रेगर या डोंगरावरील एका बंगलीत नेण्यात आले. आडवे झाले की घुसमटत असल्याने ते चामड्याच्या दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून त्यांत बसूनच झोपत. आवाज जवळपास गेला होता. म्हणून ते कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून डॉक्टरांशी बोलत. कोकेनने किती वेळ आराम पडतो, ते न घेता किती काळ राहता येते, याची निरीक्षणे त्यांनी एखाद्या लष्करी अहवालासारखी नीट लिहून दिली. एका चिठ्ठीत त्यांनी डग्लस यांना कळवले की आपण पुरुषवाचक सर्वनाम नसून क्रियापद आहोत असे वाटते. क्रियापद म्हणजे जे असणे, करणे किंवा सोसणे दाखवते ते, आणि आपण तिन्ही दाखवतो.

त्याच काळातील आणखी एक चिठ्ठी या प्रकरणातील सर्वांत स्पष्ट वैद्यकीय नोंद आहे, आणि ती रुग्णाच्या हातची आहे. शरीराची अखेरची तयारी तीन वाटांनी चालली असल्याचे आपल्याला साफ जाणवते, असे त्यांनी डॉक्टरांना लिहिले : एक रक्तस्रावाची, दुसरी गुदमरण्याची आणि तिसरी थकून संपण्याची. ऑक्टोबरमध्ये त्यांनी जे विचारले होते आणि ज्याचे पुरे उत्तर त्यांना मिळाले नव्हते, ते उत्तर आता त्यांनीच डॉक्टरांना दिले होते. जुलैच्या मध्यावर पुस्तकाचे शेवटचे काम संपले. पुढे त्या पुस्तकातून ज्यूलिया यांना चार लाख डॉलरहून अधिक मिळाले. २३ जुलै १८८५ रोजी सकाळी आठ वाजल्यानंतर काही मिनिटांनी, रक्तस्राव न होता आणि न गुदमरता, श्वास हळूहळू मंदावत ते तिसऱ्या वाटेने गेले.